अकरा जण ठीक

बिलिंग्ज, मॉन्टाना
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय लव्हर्न आत्या,

आधी एक चूक दुरुस्त करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मागच्या पत्रात मी आजोबांच्या पिस्तुलांची यादी पाठवली होती. तिच्यात ‘पॉइंट अडतीस स्पेशल : तीन’ असं लिहिलं होतं. ते चूक आहे. स्पेशल दोनच आहेत. तिसरं, तपकिरी मुठीचं, ज्याची मूठ एका बाजूनं चिरली आहे, ते जुनं आखूड अडतीस आहे. त्याचं काडतूस स्पेशलपेक्षा बुटकं आणि किंचित जाड असतं, ते ह्यात बसत नाही आणि हे त्यात बसत नाही. यादी मी आठवणीतून केली आणि अडतीस म्हटल्यावर पुढचा शब्द हातानंच लिहिला. परवा आजोबांची वही चाळताना त्यांनी खाली रेघ मारून लिहिलेलं दिसलं, ‘आखूड आहे. विसरू नये.’ त्यांची नात विसरली. माझ्या यादीवर विश्वास ठेवून क्लेटन काकांनी ते कुणाला स्पेशल म्हणून दिलं असतं तर, ह्या विचारानं मी लगेच सगळी यादी वहीशी ताडून पाहिली. कृपा करून त्यांना आजच सांग. फेब्रुवारीत मी तुला आणखी एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती ह्याहून मोठी आहे. तीही ह्या पत्रात येईल, पण तिच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ दे.

सप्टेंबरात तू विचारलंस की फेब्रुवारीपासून तुमच्या तिजोरीत पडलेल्या ह्या अकरांचं काय करायचं. कुठली कॅलिबरं ठेवायची, कुठली जाऊ द्यायची, आणि ठेवायची ती माझ्याकडे परत यायची की नाही. हे शेवटचं तू अगदी कागदाच्या काठाशी बारीक अक्षरात लिहिलंस. ‘तुझी आहेत, तू म्हणशील त्या दिवशी देईन, का म्हणून विचारणार नाही,’ असंही लिहिलंस. खरा प्रश्न तोच आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आत्या, ह्या एका प्रश्नावर मी पाच आठवडे घेतले. गहू तपासणीच्या प्रयोगशाळेत मी दिवसाला शंभर नमुन्यांची ओल मोजते आणि एकदाही अडखळत नाही. इथे मात्र कोऱ्या कागदापुढे बसून राहिले.

मग म्हटलं, तू शिकवलंस तसंच करावं. आधी मोजावं. तुला आठवतं, मी नऊ वर्षांची होते, आईला बाळंतपणानंतर उठवत नव्हतं आणि त्या हिवाळ्यात आम्हा भावंडांची शाळा तुझ्या स्वयंपाकघरात भरायची. दशांश अपूर्णांक माझ्या डोक्यात शिरत नव्हते. तू जेलीच्या बरण्या बाजूला सारल्यास, टेबलावर सात तऱ्हेच्या सुट्या गोळ्या मांडल्यास आणि आजोबांचं बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर माझ्या हातात दिलंस. “बावीस म्हणजे इंचाचे शंभर भाग केले त्यातले बावीस. मोज आणि लिही. न मोजता लिहिलंस तर बिस्किट नाही.” बावीस जवळजवळ बरोबर आलं. पंचेचाळीस बरोबर आलं. अडतीस आलं पॉइंट तीनशे सत्तावन्न. मी चार वेळा मोजलं, वहीत चार वेळा खोडलं, शेवटी कागदाला भोक पडलं आणि मी भोकाड पसरलं. क्लेटन काका दारातून म्हणाले, “घ्या! पोरीनं कागदावरच पहिली शिकार केली.” तू मात्र हसली नाहीस. माझं नाक पुसलंस आणि म्हणालीस, “अगं, रडतेस काय? तुझं माप बरोबर आहे. नाव जुन्या काळचं आहे, तेव्हा मोजायची तऱ्हा निराळी होती. पुढे गोळी बदलली, नाव बदलायचा लोकांनी कंटाळा केला. चव्वेचाळीस तर ह्याच्याहून मोठं थापाडं आहे, मोजून बघ.” मी विचारलं, मग वहीत काय लिहू, नाव की माप? तू म्हणालीस, “दोन्ही लिही. नाव एका बाजूला, माप दुसऱ्या बाजूला. म्हणजे कुणी फसणार नाही.”

त्या हिवाळ्याचे मी तुझे आभार कधी मानले नाहीत. ते राहूनच गेलं. आजोबांनी जाताना सगळी पिस्तुलं मला दिली तेव्हा माझा भाऊ वेड रुसला होता ना, “मी सैन्यात होतो आणि हिला का?” म्हणून. आजोबा त्याला म्हणाले होते, “तुला चालवता येतात. हिला त्यांची नावं आणि मापं दोन्ही पाठ आहेत.” तो मान तुझ्या टेबलावर मिळवलेला होता.

आता निवड. बावीसची तिन्ही ठेवायची. काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात, आवाज थोडा, झटका नाहीच, आणि तुझ्या कुंपणावरच्या डब्यांवर मी शिकले ती हीच. तीनशे सत्तावन्न ठेवायचं, कारण त्यात अडतीस स्पेशलही चालतं. आजोबा म्हणायचे, “हे मोठ्या मनाचं आहे, धाकट्यालाही घरात घेतं.” ते राहिलं की दोन्ही स्पेशलना राहायचं काही कारण उरत नाही. ती क्लेटन काकांनी स्वतःच्या पेटीत घ्यावीत. दर महिन्याला तेल देताना ते त्यांच्याशी जरा जास्तच बोलतात असं तू लिहिलं होतंस. चव्वेचाळीस जाऊ दे. ते आजोबांनी एकदाच झाडलं, मनगट धरून हसत बसले आणि पुन्हा हात लावला नाही. पंचेचाळीस वेडला दे. मी आधीच द्यायला हवं होतं. दोन्ही नऊ मिलिमीटर चांगली आहेत, शहाणा संग्राहक ती शेवटपर्यंत सोडणार नाही, पण मला ती नकोत. आखूड अडतीस मात्र ठेवायचं. त्याची काडतुसं आता कुठे मिळत नाहीत, उपयोग शून्य आहे, तरी ठेवायचं. माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी. म्हणजे तीन कॅलिबरं, पाच नग. सहा जातील. मी तीनदा मोजलं.

आता ती दुसरी चूक.

ह्या जानेवारीत प्रयोगशाळेत माझ्या हातून एका नमुन्याची चिठ्ठी दुसऱ्यावर लागली. तासाभरात माझ्याच लक्षात आलं, मी दुरुस्त केली, साहेब म्हणाले, “चल, सोड आता.” मला सोडता आलं नाही. मी घरी येऊन मनातल्या मनात त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा मोजायची. मग त्या आठवड्याचे. मग आयुष्यात केलेली सगळी मोजमापं. झोप गेली, जेवण गेलं, आणि आपण नसलो तर किती जणांच्या मागची कटकट जाईल ह्याचा हिशेब सुरू झाला. तो हिशेब चुकीचा होता, पण तेव्हा मला तो फार बिनचूक वाटायचा. त्या दिवसांत एका सकाळी मी तुला फोन केला आणि म्हणाले की माझ्या तिजोरीचं कुलूप बिघडलं आहे, आजोबांची पिस्तुलं थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का. तू विचारलं नाहीस की कुलूपवाला का नाही बोलवत. तू एवढंच म्हणालीस, “कॉफी टाक, आम्ही निघालो.” बाहेर बर्फ आडवा उडत होता आणि तुम्ही अडीच तास गाडी हाकत आलात.

आत्या, कुलूप बिघडलं नव्हतं.

क्लेटन काकांनी किल्ली फिरवली तेव्हा ते लोण्यासारखं उघडलं. मी तिथेच उभी होते, मला आवाज ऐकू आला. मला वाटलं, आता ते वळून माझ्याकडे बघतील. त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली, उघडलं, लावलं, नाक फेंदारलं आणि म्हणाले, “हं. बिघडलंय खरं. असली कुलपं बेभरवशाचीच असतात.” मग एकेक नग जुन्या टॉवेलात गुंडाळून खाली नेला. तू तोवर माझ्या फ्रिजमध्ये डोकावून म्हणालीस, “ह्यात तर उंदीरही उपाशी मरेल,” आणि एल्क हरणाच्या रश्श्याचं भांडं आत ठेवलंस. जाताना मला मिठी मारलीस ती सोडेचनास. काका खालून भोंगा वाजवायला लागले, तरी नाही.

नंतर तुझी पोस्टकार्डं यायला लागली. पेट्रोल पंपावर मिळतात तसली, एकावर ट्राउट मासा, दुसऱ्यावर गवा. मजकूर तोच. ‘अकरा जण ठीक. तेल दिलं. तू?’ मी ती आरशाच्या कडेला खोचून ठेवली आहेत. पहिल्या कार्डाला मी ‘मीही ठीक’ लिहिलं, तेही खोटंच होतं. मार्चच्या कार्डाला मी खरं लिहिलं, ‘मी नाही.’ ते तुला मिळालं त्या संध्याकाळी तू दारात होतीस, हातात उशी घेऊन. नऊ दिवस माझ्या सोफ्यावर झोपलीस. डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसून विणत होतीस, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना तेव्हा सुया थांबवून म्हणालीस, “घाई नाही बाळ, मी अख्खा स्वेटर आणलाय.” आजही मी दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. गोळ्या घेते. जेवते. गेल्या महिन्यात एक नमुना पुन्हा मोजावा लागला तर मी मोजला आणि घरी येऊन झोपले. तू दिलेल्या ह्या आठ महिन्यांबद्दल मी काय लिहू? वहीच्या एका बाजूला ‘बिघडलेलं कुलूप’ लिहिलं आहे. दुसऱ्या बाजूला खरं माप आज लिहिते आहे : त्या दिवशी तुम्ही माझा जीव घेऊन गेलात, टॉवेलात गुंडाळून, आणि जपून ठेवलात.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावर मार्नी म्हणून मुलगी काम करते. नवऱ्यापासून उन्हाळ्यात वेगळी झाली. काही दिवस ती डबा न उघडताच घरी नेत होती. आज सकाळी माझ्याकडे न बघता म्हणाली, “ऐक ना, माझ्या खणाचं कुलूप चालत नाहीये. माझं नऊ मिलिमीटर चार दिवस ठेवशील का कुठे?” मी हातातला नमुना खाली ठेवला. आणि मग माझ्याच तोंडातून क्लेटन काका बोलले, “असली कुलपं बेभरवशाचीच असतात. चल, आत्ताच जाऊ.” खोटं बोलले आणि जन्मात पहिल्यांदा ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. पिस्तूल दुपारीच साहेबांच्या तिजोरीत गेलं, त्यांनीही काही विचारलं नाही. मार्नी माझ्या सोफ्यावर सूप पिते आहे. तिला सगळं खरं खरं विचारलं. तिनंही खरं सांगितलं. सोमवारी ती माझ्या डॉक्टरांना भेटेल, तोवर एकटी राहणार नाही. तर तुझ्या काठावरच्या प्रश्नाचं उत्तर असं : माझ्याकडे काही परत यायला नको, अजून नको, आणि हे मी घाबरून नाही, मोजून सांगते. पाच नग तुमच्याकडेच राहू देत. जाणाऱ्या सहांची तुमच्या तिजोरीतली जागा मला हवी आहे, एक मार्नीसाठी, बाकीच्या ज्यांची कुलपं पुढे बिघडतील त्यांच्यासाठी. हे फोनवर बोलता येणार नाही, म्हणून लिहिलं. पोस्टानंही पाठवणार नाही. तुझ्या हातात देईन, आणि तू वाचेपर्यंत मार्नीला घेऊन काकांचे घोडे बघायला जाईन. फोनवर आज रात्री एवढंच सांगेन : कॉफी टाकून ठेव. आम्ही दोघी येतो आहोत, उद्या, शनिवारी, अठरा ऑक्टोबरला.

तुझ्या टेबलावर मोजायला शिकलेली,
तुझीच
टॅबिथा