घाटातील एकवीस श्लोक

९ जानेवारी १९९८, नाचणगाव

पुन्हा तोच घरघराट! सायंसंध्येस बसलो की ओमप्रकाशचा पंखा सुरू. भंगारातील स्टार्टर मोटरीला पाती बसवून त्याने यंत्र केले आहे. ते आमच्या जुन्या फियाटच्या इंजिनात बळेच वारा कोंबणार, म्हणे, आणि गाडी चढावर धावणार! एकोणतीस वर्षांचा पुत्र. न्यायशास्त्र माझ्यापाशी शिकला, देवळातील प्रवचनाचे आसन त्याच्यासाठी राखले — आणि हाताला वास ग्रीसचा!

१२ जानेवारी

आज त्याला त्याच्याच शास्त्रात धरले. इंजिन डायनामो फिरवते, डायनामो बॅटरी भरतो, बॅटरी पंखा चालवते, पंखा इंजिनास बळ देतो — हा शुद्ध चक्रकदोष नव्हे काय?

हसला. "बाबा, हरघडी थोडीच चालवाचा हाय तो! चढ आला की दोन-तीन मिनिटं. बॅटरी मंग सपाटीवर भरते निवांत."

जेवलो नाही.

१९ जानेवारी

पुण्याच्या एका कारखानदाराचे पत्र. चढावरचा वेळ खरोखर कमी होत असेल तर यंत्रासह या, नोकरी देतो. पत्नीने, मनकर्णेने, पत्र देवापुढे ठेवले. माझ्या देवापुढे!

२३ जानेवारी

मोजणी मीच करावी, असा त्याचा हट्ट. मोतीबिंदूमुळे सेकंदाचा काटा दिसत नाही, म्हणालो.

"घड्याळ कायले पाह्यजे? तीस वर्षं झाले, माय तुमच्या श्लोकांच्या पाठावर भात शिजवून राह्यली. पाठ सरला की चुलीवरून भाताचा गंज उतरवते. कधी कच्चा नाई, कधी करपला नाई!"

ही आतून म्हणाली, "माह्यासंग भांडले तरी पाठाची लय नाई बिघडत त्याह्यची!"

दोघे हसले. मी नाही.

२५ जानेवारी

तळेगावचा घाट. पहिली खेप पंख्याविना — पायथ्याच्या मारुतीपासून माथ्यावरच्या दगडापर्यंत एकवीस श्लोक. दुसरी पंखा लावून. यंत्र किंचाळले. खांदे मागे रेटले गेल्यासारखे वाटले. परंतु वाटणे हे प्रमाण नव्हे.

"किती, बाबा?"

"एकवीस."

"पक्कं ना?"

"एकवीस."

त्याने इंजिन बंद केले. आणखी एक खेप घ्यायची का, असे मीच विचारले.

"तुमच्या पाठावर परत मोजणी कायची? तुमचंच खरं, बाबा."

२९ जानेवारी

पंखा उतरवला. पुण्यास नकार कळवला.

३१ जानेवारी

आज संध्येस शेजारी बसला. हात साबणाने घासून पांढरे केलेले. उच्चार निर्दोष, आवाजात कोणी नाही. हेच तर हवे होते!

५ फेब्रुवारी

भात पुन्हा कच्चा. मनकर्णा म्हणाली, "आठ-दहा दिवस झाले, असाच राह्यते. तांदूळ तोच, आच तेवढीच. तुमचाच पाठ लवकर सरून राह्यला — काऊन?"

कमी वेळात एकवीस बसवण्यासाठी घाटात दुसऱ्या खेपेस जिभेला मुद्दाम लावलेली घाई! ती आता उतरत नाही.

ओमप्रकाशने घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिले. उठला, आणि अंगणात गाडीचे बॉनेट उघडल्याचा आवाज आला.