बारा कुंड्यांचं म्हातारपण

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला, दोन्ही आता ताळ्यावर असतील अशी आशा. इकडे आम्ही मजेत (म्हणजे तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही, बाकी सगळं मजेत).

झालं असं, की तिच्या रोपवाटिकेला पहिलीच मोठी ऑर्डर आली. एका हॉटेलवाल्या बाईंना बारा कुंड्या हव्यात, पण नव्याकोऱ्या नकोत, पन्नास वर्षं अंगणात पडून असल्यासारख्या हव्यात. पसंत पडल्या तर हॉटेलची अख्खी बाग आपल्याकडे. मी पडलो निवृत्त माणूस. म्हटलं, कुंड्या म्हाताऱ्या करायचं काम माझं (स्वतः होताना मला काही शिकावं लागलं नव्हतं). कुंड्यांना चुना फासून पुसला, वर आंबट ताक चोपडलं आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या, म्हणजे शेवाळ धरतं. शेवाळाच्या आधी मांजरं आली. मग माश्या. मग शेजारचे डॉक्टर, नाकाला रुमाल लावून, काही मेलंय का म्हणून विचारायला. पण मी हटलो नाही. शेवटी कुंड्या अशा हिरव्या-काळ्या, कळकट झाल्या की माझा ऊर भरून आला!

परवा आई तुमच्याकडून इकडे आल्या. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात, हे तुम्हाला काय सांगायचं! आज आम्ही दोघं खत आणायला गेलो आणि परत येऊन बघतो तर आई पदर खोचून, तारेचा ब्रश घेऊन, बाराव्या कुंडीवर! वर मलाच म्हणतात, "जावईबापू, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला हो तुमच्या. पण दिल्यात घासून." तुमची बहीण आईला चकार शब्द बोलली नाही, सगळं माझ्यावर निघालं. बाई उद्या येणार. पहिलीच ऑर्डर हो, रडू आलं तिला. मलाही आलं, खोटं कशाला बोलू?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण : आईंना पंधरा दिवस परत न्या. बाईंच्या पाया पडून मुदत मागतो आणि पुन्हा ताक लावतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात बाई येऊन गेल्या. घासून कुंड्यांचे काठ झिजलेत, खाचांतून चुना आणि शेवाळ तेवढं उरलंय. बाई म्हणाल्या, अगदी अश्शाच हव्या होत्या! बाग मिळाली, वर आणखी चाळीस कुंड्या. आता चुना, ताक, ब्रश सगळं आईंच्या ताब्यात. तुमची बहीण त्यांना जागेवर चहा नेऊन देते. माझ्याकडे मांजरं हाकलायचं काम आहे. तेव्हा आईंना इथेच राहू द्या. पंधरा दिवस मलाच न्या.