शाफ्टची गाडी

आबा, तुमची मोटरसायकल परवा कोयनानगरला जाऊन आली. चालवत मी होते आणि मागं आई.

त्याआधी, तुम्ही गेल्यावर, ती विकायचं जवळजवळ ठरलं होतं. गियर टाकला की मागच्या चाकाकडं ठक्क असा आवाज यायचा. चेनच्या जागी शाफ्ट आहे म्हटल्यावर साताऱ्यातल्या गॅरेजवाल्यांनी लांबूनच हात जोडले. मग इस्लामपूरचा एक हॉटेलवाला आला. त्याला ती चालवायची नव्हतीच, हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. आई चहा घेऊन दारातच थांबली. "टांगाय त्यो काय फोटू हाय व्हय? चा घ्या आन् निघा." तो गेल्यावर माझ्याकडं वळली. "तुला शिकवलंया नव्हं त्यांनी? मग उघड की."

शिकवलं होतंत. पलटणीतून कायमचे घरी आलात, लिलावातून ही गाडी घेतलीत आणि माझ्या कॉलेजच्या सुट्टीत मला अंगणात बसवलंत. मी घाईनं बोल्ट फिरवतेय, तुम्ही हातातला पाना काढून घेताय. "चेन वरनं दिसती गं. हिचं समदं नळीच्या आत. डोळं मीट आन् बोटानं बघ." मी डोळे मिटून काढलेल्या ऑइलमध्ये बोट बुडवते. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "आवं, पोरीला काय कराय लावलंय?" तुम्ही म्हणता, "नाडी बघाय शिकवतूय."

रविवारी तशीच बसले. मागच्या गियरचं ऑइल काढलं, अंगठा आणि बोटात चोळलं. काळं होतं, पण लोखंडाचा कण टोचला नाही, म्हणजे आतलं काही तुटलं नव्हतं. चाक उतरवलं. शाफ्टचा जॉइंट धरून हलवला, जराही ढिला नाही. तो गेला असता तर गाडीला त्या हॉटेलची भिंतच उरली असती. मग चाकात बसणारे दाते दिसले आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. पार कोरडे, गंजाच्या भुकटीनं लाल झालेले, पण झिजलेले नाहीत! एवढ्याशा ग्रीससाठी ती ठणाणा करत होती. रॉकेलनं धुतले, ग्रीस लावलं, नवं ऑइल भरलं, जॉइंटवरचा चिरलेला रबरी बूट बदलला. आई बॅटरी धरून उभी होती आणि सारखी माझ्या तोंडावरच उजेड मारत होती. चाक बसवून गाडी चालू केली, गियर टाकला. आवाज नाही. आई म्हणाली, "बसू का?"

तुम्ही चालवायचात तेव्हा मागं ती कायम लुगडं सावरत एका बाजूला बसली. परवा माझी सलवार घालून दोन्हीकडं पाय टाकून बसली. पाटण सोडलं, वळणं सुरू झाली, आणि मी सांभाळून चालवतेय तर पाठीत बुक्की बसली. "पळीव की गं! काय बैलगाडी हाकतीस?" मी पळवली. आई ओरडत होती, मी ओरडत होते, समोरून आलेला एसटीचा ड्रायव्हर आमच्याकडं बघून हसला. धरणाजवळ थांबून दोघींनी भजी खाल्ली. तिच्या केसांचं टोपलं झालं होतं. "लय दिसांनी पोट दुखंस्तवर हसले," म्हणाली.

हे पत्र कुठंच पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. त्या अख्ख्या रस्त्यात, आबा, तुमची एकदाही आठवण आली नाही.