सारिका आणि टॅबवरची ताई

६ ऑक्टोबर

आज नववीत सारिकाने हात वर केला. सारिकाने! जूनपासून या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. काही विचारलं की मान खाली आणि ओढणीचं टोक बोटाला.

शाळेत टॅब आले तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर माझीच. विज्ञान यंत्राने शिकवायचं, तर मी पिंप्राळ्याहून पहूरला रोज कशाला येऊ? पण टॅबमधल्या त्या एआय शिक्षिकेला मुली ‘ताई’ म्हणतात, आणि ही ताई एकच प्रश्न दहादा विचारला तरी चिडत नाही. मी दुसऱ्यांदाच चिडते.

वीज कशी वाहते ते सारिकाने फळ्यावर समजावलं, विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण घेऊन. सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या. थोडी जळलेही.

१५ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. टॅब घरी न्यायला दिले. सारिका फाटकापर्यंत मागे आली — “मॅडम, मी नर्स होऊ शकते?” बस लागली होती. “का नाही होणार!” म्हटलं आणि पळाले.

३ नोव्हेंबर

शाळा सुरू. सारिका नाही. सुट्टीत तिचा अभ्यास, तिचे गुण रोज माझ्या मोबाइलवर येत होते. भाऊबीजेपासून बंद. मला वाटलं, सणाची गडबड.

४ नोव्हेंबर

तिच्या वडिलांनी, रुपचंदभाऊंनी, टॅब परत आणून दिला. स्वच्छ पुसून, पिशवीत घालून. सारिका सुरतला, मामाकडे. तिची शाळा सुटली.

५ नोव्हेंबर

तिच्या घरी गेले. आई, मंदाबाई, डोळे पुसत होती. मामीला जुळं झालंय, सांभाळायला कोणी नाही. “भाऊ पाटावर बसला व्हता, मी ओवाळत व्हते. तवाच त्यानं पोरगी मांगली. आरतीचं ताट हातात, भावाला नाही कसं म्हनू?”

मी तडकले. वाट्टेल ते बोलले. रुपचंदभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, त्याचा फोन भाऊबीजेच्या आठ दिवस आधीच आला व्हता. तुम्ही तवा एक चक्कर मारली असती, तर तुमचं नाव सांगून मी मेव्हण्याले नाही म्हटलं असतं. एकट्याले नाही जमलं.”

पण मला सांगितलं कोणी? त्यांनी नाही, आईने नाही, पोरीने तरी सांगायचं! नर्सचं विचारायला येते आणि हे सांगत नाही? राग येतोय तिचा. आणि रडूही.

९ नोव्हेंबर

मोबाइलवर निरोप — ‘सारिका बऱ्याच दिवसांपासून निष्क्रिय आहे. तिला प्रोत्साहन द्या.’ प्रोत्साहन! मोबाइल पलंगावर फेकला.

मग न राहवून त्या ताईलाच विचारलं, पोरीला शाळेत परत कसं आणू? छान, मुद्देसूद उत्तर दिलं. सगळं बरोबर. पण मामाच्या दारात जाऊन ती बसणार आहे का? मलाच जावं लागेल.

१५ नोव्हेंबर

सारिकाचा फोन आला, मामीच्या मोबाइलवरून. मागे बाळ रडत होतं. हळू बोलत होती.

“मॅडम, मामाचा फोन आला त्याच दिवशी मी टॅबवर ताईला बठ्ठं, सगळं-सगळं सांगितलं व्हतं. ती म्हनली, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग. माझे गुण तुमच्याकडे जातात ना, मला वाटलं हे बी गेलं. भाऊबीजेपर्यंत मी दारातच बसत व्हती. तुम्ही का नाही आल्या?”