परड्यातल्या गोचिडांचा बंदोबस्त

५ फेब्रुवारी १९८४, सकाळी ७
पाडीच्या एका कानात एकवीस गोचीड! निश्चय : महिन्याभरात घरामागचं परडं गोचीडमुक्त. मागे रान असलं म्हणून काय झालं? तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस गोचिडांना भिणार?

७ फेब्रुवारी
रानातून पातेऱ्याचे, म्हणजे वाळक्या पानांचे, आणखी सहा भारे आणले. गोठ्यात पाडीखाली जाड, मऊ बिछाना. रिटायर झाल्यापासून व्यायामही होतो. हिला कौतुक नाही.

८ फेब्रुवारी
कारण सापडलं. शेजारच्या मालनवहिनींच्या तीन शेळ्या. आमच्याच कुंपणाला अंग घासतात. ही म्हणाली, शेळ्या दहा वर्षं आहेत, गोचीड यंदाच कसे? बायकांना लॉजिक नसतं.

१५ फेब्रुवारी
तंबाखूचं पाणी मारलं. गोचीड ठणठणीत. मला उलटी.

२० फेब्रुवारी
वहिनींना चार लोकांत सुनावलं. पंचायतीत अर्ज टाकीन म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, भावजी, ह्या शेळ्यांच्या दुधावरच माझी चूल पेटते. आवाज जरा चढलाच माझा. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

२७ फेब्रुवारी
शेळ्या लांज्याचा माणूस विकत घेऊन गेला. वहिनी कुंपणाच्या बेड्यापाशी उभ्या होत्या. मी पेपर वाचत होतो. म्हणजे तोंडासमोर धरला होता.
विजयच म्हणायचा. पाडीला नवा पातेरा घातला.

६ मार्च
पाडी उठत नाही. गोचीड दुप्पट. शेळ्यांनी जाताना मुद्दाम सोडले असावेत.

८ मार्च, दुपारी
गुरांचे डॉक्टर आले. पाडीला हात लावायच्या आधी पातेरा काठीने उसकला. अख्खा बिछाना चालायला लागला! विचारलं, रानातून हे घरात कोण आणतं? ही माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांना चहा विचारला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च
पातेरा जाळला. मालनवहिनींनी न सांगता करंजेल आणून दिलं. पाडीच्या कानाला स्वतः चोळलं. मी विहिरीवर होतो. काम नव्हतं.

१३ मार्च
पाडी उभी राहिली. उद्या माफी. नक्की.

१४ मार्च, संध्याकाळी
गेलो. वाक्य पाठ केलं होतं. ओटीवर खुंटीला तीन दावी टांगलेली. वहिनींनीच आधी विचारलं, भावजी, शेळ्या गेल्या, आता गोचीड गेले ना? गेले, म्हटलं. त्यांना बरं वाटलं. चहा आणला. कोरा. घरात दूध नाही म्हणून ओशाळल्या.
मी म्हटलं, मला कोराच आवडतो.