ठोकून न पाहिलेला दगड

अहमदाबाद, २ जानेवारी

ती. आबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मग आईला विचारता, पोरगी काय म्हणाली. म्हणून हे पत्र. आमचं यान एका लघुग्रहाभोवती फिरतंय. ते खाली लेसरचा ठोका मारतं. उजेड परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खालची जमीन किती लांब ते कळतं. असे लाखो ठोके जुळवून मी तिथल्या चढउतारांचा नकाशा करते. तुम्ही रेल्वेत असताना घाटातले दगड हातोडीने वाजवत हिंडायचात, तसंच म्हणा ना.

काही काळ्या जागांवरून उजेड परतच येत नाही. तिथे शेजारची उंची बघून मी अंदाजाने आकडे भरतेय. यान त्याच भागात उतरवायचं आहे आणि नकाशा लवकर हवाय. आईला लोणच्याची आठवण करून द्या.

तुमच्या मायेतली,
ज्योत्स्ना


खंडाळा, ९ जानेवारी

चि. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद. लोणचं तयार आहे.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. एक गोष्ट सत्तावीस वर्षं पोटात ठेवली आहे. तुझा भिकाजीमामा ज्या दगडाखाली गेला, तो तपासायचं काम माझं होतं. पक्का दगड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. त्या दिवशी पाय घसरत होता, मी तिथवर चढलोच नाही. आजूबाजूचे सगळे खणखणीत होते, म्हणून त्यालाही वहीत पक्का लिहिलं. भिकाजीने खालून विचारलंही, की दाजी, त्यो वाजला का. मी व्हय म्हणालो. आठव्या दिवशी तो रुळावर काम करत असताना दगड सुटला. लोकांनी पावसाला बोल लावला. तुझ्या आईलाही तेवढंच ठाऊक आहे, आणि तिचा तो एकुलता भाऊ.

बाळ, जिथून ठोका परत आला नाही, ती जागा कोरी ठेव. माझ्यावरची माया आटली तरी पत्र टाक.

तुझा आबा


अहमदाबाद, १५ जानेवारी

ती. आबांस,
सप्रेम जय भीम.

कोऱ्या जागा कोऱ्या ठेवून नकाशा दिला. साहेब चिडले, पण उतरायची जागा आता पुन्हा ठरवताहेत. तुमचा राग आलाय, खोटं कशाला लिहू. मामाच्या खांद्यावर बसून मी बोगदे मोजायचे. फार रडले. आईला मात्र तुम्हीच सांगा. मी पुढच्या महिन्यात येते.

तरीही तुमचीच,
ज्योत्स्ना


खंडाळा, २५ जानेवारी

चि. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. पाच दिवस झाले. ताट वाढते, गोळ्या काढून देते, पण एक शब्द नाही. तिच्या मनात काय असेल, याचा अंदाज मी करत नाही. कानांचा भरवसा नाही, म्हणून दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत समोर बसतो. बोलली, तर चुकायला नको.

तुझा आबा