पिकअपच्या भावाचा माझा अभ्यास

२ जुलै

निर्णय झाला. नवी पिकअप घ्यायची. पांढरी.

आडे बिछायत केंद्र, पांढरकवडा, सुरू झाल्यापासून भाड्याच्या गाडीवर चालू आहे. मंडप आपला, खुर्च्या आपल्या, सतरंज्या आणि स्वयंपाकाची भांडी आपली, आणि गाडी श्रावणची. श्रावण शाळेपासूनचा दोस्त, माणूस चांगला. पण गाडीचं एक दार दोरीने बांधलेलं, चढ आला की माणसांना उतरावं लागतं. अशाने ब्रँड होत नाही.

आमच्या तांड्याचे लोक पूर्वी बैलांवर मीठ लादून अर्धा देश फिरायचे. वाहतूक रक्तात आहे. बायकोला, पुष्पाला, हे सांगितलं. ती म्हणे, बैल त्यायचे सोताचे होते, हप्त्यावर नव्हते.

तिला बिझनेसचा अँगल कळत नाही. बुकिंग, गिऱ्हाईक, हिशेब आणि मजूर एवढंच ती पाहते. बाकी सगळं मी.

९ जुलै

यवतमाळला शोरूममध्ये जाऊन आलो. एसटीने. मैत्रेयी मॅडम म्हणून आहेत तिथे, फार अदबीने बोलतात. किंमत ऐकली आणि पाणी मागितलं. साडेदहा लाखांच्या वर, बॉडीचं वेगळं. पाच-सहा वर्षांपूर्वी हीच गाडी कितीतरी कमीत मिळायची. मॅडम म्हणाल्या, सर, आता एअरबॅग आहे, एसी आहे, मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसतं. म्हणालो, मी गाडीतच असणार, मग ती कुठे आहे हे मला दिसेलच. हसल्या. इम्प्रेशन पडलं.

टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्स मागितलं. माझं दुचाकीचं. मग त्यांनीच चालवली, मी बाजूला बसलो. मालकाची जागा तीच.

१० जुलै

पुष्पा म्हणे, लग्नं चार महिने, हप्ते बारा महिने. उरलेले आठ महिने गाडी काय करन?

तिला लिस्ट सांगितली: भाजीपाला, कापूस, बकऱ्या, शाळेचे बाक, निवडणूक. ती म्हणे, निवडणूक दरसाली नसते. बाकी लिस्टवर ऑब्जेक्शन नाही.

२० जुलै

सलूनमध्ये श्रावण दाढी करून घेत होता. चार लोक बसलेले. विषय निघाला म्हणून सांगून टाकलं, यंदाच्या सीझनपासून तुझ्या डब्याची गरज नाही, दुसरं गिऱ्हाईक पाहून घे. व्यवहार पारदर्शक असावा. तोंडाला फेस असल्यामुळे तो काही बोलला नाही. होकार समजलो.

पुष्पाच्या कानावर संध्याकाळपर्यंत गेलं. म्हणे, चार लोकायत कायले बोलले त्याले? तुमाले डेंगू झाला तवा नागपूरले कोनाच्या गाडीत गेलते? मी म्हणालो, भावना वेगळी, बिझनेस वेगळा. ती रात्रभर पाठ करून झोपली.

१६ ऑगस्ट

मोठी बातमी! टॅक्स कमी होणार म्हणतात. म्हणजे जुलैत घेतली नाही हे किती बरोबर होतं. काही लोक याला आळस म्हणतात. त्याला टायमिंग म्हणतात.

भाजीचे ठोक व्यापारी विठ्ठलराव पण पिकअप पाहत आहेत. त्यांना सल्ला दिला, थांबा. फुकट दिला.

२४ सप्टेंबर

गाडी भावात उतरली! बरीच. सकाळपासून मैत्रेयी मॅडमचे फोन. सर, यापेक्षा चांगली वेळ येणार नाही.

शोरूमवाले अशी घाई करायला लागले की समजावं, अजून उतरणार. भाव पडायला लागला की पडत जातो, मी टोमॅटोचा पाहिलेला आहे. दिवाळीपर्यंत थांबतो.

२९ सप्टेंबर

विठ्ठलरावांनी घेतली. दसऱ्याला पूजा आहे. वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

२३ ऑक्टोबर

दिवाळी ऑफर: सीट कव्हर, मडफ्लॅप आणि देवाची मूर्ती. भाव तोच. आणि पांढरी शिल्लक नाही, वेटिंग. मॅडम म्हणाल्या, बुकिंग करून ठेवा. म्हणालो, जानेवारीत या वर्षी बनलेली गाडी जुनी म्हणून स्वस्त द्यावी लागेल तुम्हाला. त्यांनी ‘बरं सर’ म्हणून विषय संपवला. वर्मावर बोट पडलं असावं.

झोप नाही. मोबाईलवर पिकअपचेच व्हिडिओ येतात. एक माणूस रोज सांगतो, घ्या. दुसरा रोज सांगतो, घेऊ नका. दोघांचंही पटतं.

१९ नोव्हेंबर

सीझन सुरू. गावातल्या ऑर्डरी हातगाडीवर भागवल्या. उमरखेडची मोठी ऑर्डर सोडावी लागली, गाडी नाही. पुष्पाने त्यांना फोनवर नाही म्हटलं आणि फोन माझ्यासमोर आपटला.

समोरून श्रावण गेला. हात केला मी. त्याने हॉर्न दिला, पण मला नाही, कुत्र्याला.

११ डिसेंबर

ड्रायव्हिंगची टेस्ट दिली. रिव्हर्समध्ये खांब आडवा आला. साहेब म्हणाले, खांब तिथेच होता, तुम्ही आडवे गेले. पुढच्या महिन्यात या म्हणाले. ठीक आहे, गाडीही पुढच्याच महिन्यात येणार.

६ जानेवारी

भाव वाढले. कंपन्यांनी नवीन वर्षाचे वाढवले. जुन्या स्टॉकची एकच गाडी उरली होती, ती काल वणीच्या माणसाने नेली.

मॅडमना म्हणालो, हे अन्यायकारक आहे. त्या म्हणाल्या, सर, मी सप्टेंबरात बोलले होते. आवाजात आता पहिल्यासारखी अदब नाही.

सप्टेंबर तेवढा चुकला. बाकी अभ्यास बरोबर होता.

१२ जानेवारी

मुकुटबनच्या मानीबाईची ऑर्डर आली. नवरा नाही, एकट्या बाईने पोरीचं, निकिताचं, लग्न मांडलं आहे. फेब्रुवारीत. पुष्पा म्हणे, गाडी येन तर हो म्हनतो, नाई तर आत्ताच नाई म्हनतो, त्या बाईले अडचनीत नका टाकू. मी म्हणालो, फेब्रुवारीत नवी गाडी दारात असणार, लिहून घे.

तिने हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

परवा मुकुटबनची हळद. नवी गाडी अजून अभ्यासातच. गाडी शोधून राह्यलो. विठ्ठलरावांची कापसाच्या खेपांवर. सगळ्यांच्याच कापसावर. विठ्ठलराव म्हणाले, आडे, तुमचं ऐकून म्या थांबलो असतो तर आज तुमच्यासारखा फिरलो असतो. टोमणा होता की सहानुभूती, ठरवता आलं नाही.

एक ट्रॅक्टरवाला मिळाला. पक्का माणूस वाटतो.

१७ फेब्रुवारी, दुपार

ट्रॅक्टरवाला सकाळी येणार होता. फोन बंद. बसस्टँडवर गेलो. कंडक्टर म्हणाला, सतरंज्या टपावर टाकू, पन मंडपाचे पाइप एसटीत कसे न्याचे, आन् काहून न्याचे?

मानीबाईचा फोन. हळदीच्या बाया उन्हात बसून राह्यल्या, मंडप कुठी आला? म्हणालो, निघालो. गोदामाच्या बाहेर निघालोच होतो, खोटं नव्हतं. ती भांडली असती तर उत्तर तयार होतं. ती भांडली नाही. म्हणे, दादा, माया पोरीच्या लग्नात असं नका करू. आणि रडायला लागली.

फोन पुष्पाच्या हातात दिला.

पुष्पाने ऐकलं, चपला घातल्या आणि श्रावणच्या घराकडे निघाली. म्हणालो, मीही येतो, शेवटी माझाच दोस्त. ती वळली पण नाही. म्हणे, तुमी नका येऊ. तुमी आले तर तो नाई येनार.

पाइप मोजत बसलो. मग ते सोडून रस्त्याकडे पाहत बसलो.

१८ फेब्रुवारी, मुकुटबन

सविस्तर लिहायला हवं.

काल श्रावण अर्ध्या तासात आला. कापसाची एक खेप सोडून. सरळ पाइप उचलायला लागला. मीही लागलो. मधे एकच वाक्य म्हणाला, ते टोक खाली धर. धरलं.

केबिनमध्ये तो, पुष्पा आणि भांड्यांची जबाबदारी असलेली संगीताबाई. मी मागे, सतरंज्यांवर. हवा चांगली लागते. चढावर उतरावं लागलं, पण फक्त मलाच. वाटेत पुष्पाने आणि श्रावणने ठरवून टाकलं की पुढेही गाडी त्याची, काम केंद्राचं, दुरुस्ती अर्धी-अर्धी. नवी गाडी नाही. मी मागे असल्यामुळे चर्चेत भाग घेता आला नाही.

मुकुटबनला पोचलो तर बाया एका कडुनिंबाखाली दाटीवाटीने बसलेल्या. बाप्ये आले आणि पाइप उतरवायला लागले. ऊन उतरायच्या आत मंडप उभा झाला. निकिता हळदीला बसली तेव्हा मानीबाईने पुष्पाचे दोन्ही हात धरले, मग श्रावणला हात जोडले. मी तिथेच शेजारी होतो, पण माझ्या डोक्यावर खुर्च्या होत्या.

आज लग्न लागलं. पंगती उठल्यावर निकिताचा मामा आला, हैदराबादकडचा, ओळख नाही. सगळ्या हमालांना चहापाणी वाटत होता. माझ्या हातात पन्नासची नोट ठेवली. म्हणे, काल गाडीच्या मागे बसून तूच आला ना रे? चांगलं काम करता तुमी लोक.

मी प्रोप्रायटर आहे हे सांगणार होतो. कार्ड खिशात होतं. पण श्रावण दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि पाहत होता. नोट घेतली. शुभकार्यात परत करणं बरं दिसत नाही.

मामा गेल्यावर श्रावण हसला. आधी नाकातून, मग चांगलाच. जुलैपासून पहिल्यांदा. हसू संपल्यावर म्हणे, चाल मंग, पाज चहा.

स्टँडवर जाऊन प्यालो. पैसे मी दिले. सलूनमधलं बोलणं काढावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा त्याने बिस्किट पुढे केलं.